मेथीचे बारा डबे आणि चाळीस कुंडल्या

मागच्या महिन्यात बहिणीच्या मुलीचा फोन आला. नववीत आहे, सांगलीला असते, शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि आवाजात एवढा आनंद की मला वाटलं हिला बक्षीसच मिळालं. "मावशी, सिद्ध झालं! गाणी ऐकवली की मेथी जास्त वाढते."

मी म्हटलं वा, कसं केलंस सांग. तर तिनं दोन कुंड्या घेतल्या होत्या, दोन्हीत मेथी पेरली, एक हॉलमध्ये स्पीकरपाशी ठेवली आणि रोज संध्याकाळी तासभर गाणी लावली, दुसरी स्वयंपाकघरात ठेवली, तिला गाणी नाहीत. दहाव्या दिवशी पट्टी लावून मोजलं, गाण्याची मेथी ११ सेंटिमीटर, बिनगाण्याची ८. तक्ता तयार, चार्टपेपरवर "निष्कर्ष : सिद्ध झाले" असं लाल स्केचपेननं लिहूनही झालं होतं.

मी विचारलं, हॉलमधली कुंडी नक्की कुठं होती गं? म्हणाली खिडकीत. आणि स्वयंपाकघरातली? ओट्याखाली, तिथं आई ओरडत नाही म्हणून. मग मी पुढचं विचारलं की मोजताना कुठली रोपं मोजलीस, सगळी? नाही, "चांगली आलेली" पाच-पाच मोजली. आणि मग फोनवर थोडा वेळ शांतता, कारण पोरगी हुशार आहे, माझा तिसरा प्रश्न यायच्या आधीच तिला कळलं होतं.

मी गेली अनेक वर्षं कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते आणि मला मनापासून वाटतं की ही जी शांतता आहे ना, विज्ञान तिथं सुरू होतं. आपल्या पुस्तकात वैज्ञानिक पद्धत म्हणजे निरीक्षण, परिकल्पना, प्रयोग, निष्कर्ष असे चार शब्द एकाखाली एक पाठ करायला देतात, पोरं पाठ करतात, मार्क मिळतात आणि पद्धत काही हाताला लागत नाही. पद्धत म्हणजे काय तर आपणच आपल्याला कुठं कुठं फसवू शकतो ते आधी शोधायचं आणि ती दारं एकेक करून लावून घ्यायची. तिच्या प्रयोगात अशी तीन दारं उघडी होती. ऊन वेगळं पडत होतं, त्यामुळे गाणं आणि ऊन यांचा गुंता झाला. कुंडी एकेकच होती, आणि दोन कुंड्यांत फरक तर येणारच, दोन्हीकडे गाणी लावली असती तरी आला असता. आणि मोजणारीला माहीत होतं कुठली कुंडी कुठली, त्यात "चांगली आलेली" रोपं निवडायची मुभा.

मग आम्ही फोनवरच नवा प्रयोग आखला. श्रीखंडाचे आणि दह्याचे रिकामे डबे सोसायटीतून गोळा करायचे, एकाच मापाचे बारा. सगळ्यांत एकाच पोत्यातली माती, प्रत्येकात मोजून वीस दाणे, पाणी एकाच चमच्यानं. डब्यांना फक्त १ ते १२ नंबर. कुठल्या सहा डब्यांना गाणं मिळणार ते तिनं ठरवायचं नाही, आजीनं चिठ्ठ्या काढायच्या. सगळे डबे एकाच गॅलरीत, रोज जागा बदलायची. गाण्याच्या वेळी सहा डबे एका खोलीत न्यायचे आणि उरलेले सहा दुसऱ्या खोलीत, तिथंही स्पीकर ठेवायचा पण बंद, म्हणजे उचलणं, हलवणं, तासभर सावलीत बसणं हे सगळं दोन्हीकडे सारखं झालं. आणि दहाव्या दिवशी मोजायचं ते धाकट्या भावानं, त्याला यादी दाखवायचीच नाही. डब्यातली सगळी रोपं मोजायची आणि सरासरी काढायची, आवडलेली नाही.

चिठ्ठ्या काढायला तिला जरा विचित्र वाटलं, म्हणाली की मी बघून सारखे सारखे वाटून घेते ना, चिठ्ठ्या कशाला. हा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर शेतात सापडलं होतं. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाचं शेती संशोधन केंद्र आहे, १८४३ पासून तिथं खतांचे प्रयोग चालू होते, वह्याच्या वह्या भरलेल्या, आणि १९१९ साली रोनाल्ड फिशर हा संख्याशास्त्रज्ञ तिथं कामाला लागला. त्याच्यापुढची अडचण आपल्या कुठल्याही शेतकऱ्याला लगेच कळेल. शेताचा वरचा तुकडा मुरमाड, ओढ्याकाठचा काळा, मधेच कुठंतरी जुना उकिरडा होता तिथं पीक नेहमीच जोरात येतं. मग नवं खत कुठल्या तुकड्यात टाकायचं? आपण डोळ्यांनी बघून वाटलं तर जे दिसतं तेवढंच सारखं वाटलं जातं, जे दिसत नाही त्याचं काय? चिठ्ठी टाकली की दिसणारं न दिसणारं सगळंच नशिबावर जातं, आणि नशिबाचा हिशोब करता येतो, आपल्या मनातल्या कलाचा करता येत नाही. रँडम या शब्दाचा अर्थ "कसंही" असा नाही, हे मी दरवर्षी वर्गात दहा वेळा सांगते.

"चांगली आलेली" रोपं मोजण्याबद्दलही एक गोष्ट सांगते, ही आमच्या सातारा जिल्ह्याची आहे आणि सातारच्या पोरांनाही माहीत नसते याचं मला वाईट वाटतं. बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, मोठे संख्याशास्त्रज्ञ, पुढं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत स्टॅटिस्टिक्स विभागाचे प्रमुख झाले. १९४० च्या दशकात देशात पीक किती येतं हे मोजायचा मोठा प्रश्न होता. सगळं शेत कापून तोलणं शक्य नाही, म्हणून शेतात रँडम जागी चौकोन आखायचा, तेवढंच कापायचं, तोलायचं. आपल्याकडं आजही पीक कापणी प्रयोग म्हणतात तो हाच, पीक विम्याच्या वेळी सगळ्यांना आठवतो. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की चौकोन फार लहान घेतला तर उत्पन्न खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. कारण काय, तर हद्दीवरचं रोप. दोरीच्या बरोबर खाली आलेलं धाट आत धरायचं की बाहेर? हात आपोआप आत ओढतो, कापणारा लबाड नसतो, तरी ओढतो. आता गणित बघा. एक मीटर बाय एक मीटरच्या चौकोनाला हद्द ४ मीटर आणि क्षेत्र १ चौरस मीटर. दहा बाय पाचच्या तुकड्याला हद्द ३० मीटर पण क्षेत्र ५० चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला हद्द जेमतेम ०.६ मीटर. लहान चौकोनात हद्दीचा खेळ सहापटीहून जास्त. आणि असले लहान चौकोन हजार घेतले म्हणून चूक कमी होत नाही, कारण सगळे एकाच बाजूला चुकतायत. जास्त मोजलं की इकडचं तिकडचं हेलकावणं कमी होतं, पण एकाच दिशेचा कल तसाच राहतो. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, म्हणजे मी पाचच्या जागी पन्नास चांगली रोपं मोजली असती तरी चुकलंच असतं. बरोब्बर!

दहा दिवसांनी तिचे आकडे आले. डब्यांच्या सरासऱ्या, सेंटिमीटरमध्ये. गाण्याचे सहा : १०.६, ९.९, ९.४, ८.९, ८.३, ७.५. बिनगाण्याचे सहा : १०.२, ९.६, ९.०, ८.७, ८.१, ७.२. सरासरी ९.१ आणि ८.८.

"०.३ ने तरी जास्त आहे ना?" असं तिनं अगदी आशेनं विचारलं. तिला सूत्रं माहीत नाहीत, टी टेस्ट वगैरे बारावीनंतरची गोष्ट, पण सूत्राशिवाय हे करता येतं आणि खरं तर तसंच आधी करावं. तिला म्हटलं बारा चिठ्ठ्यांवर हे बारा आकडे लिही, गाणंबिणं विसर, चिठ्ठ्या पिसायच्या, डोळे मिटून सहा उचलायच्या, त्यांची सरासरी आणि उरलेल्या सहांची सरासरी, दोन्हींतला फरक लिहून ठेवायचा. असं पन्नास वेळा कर. बारातून सहा निवडायचे ९२४ प्रकार होतात, सगळे करायची गरज नाही. रविवारची सकाळ गेली तिची, पण केलं. पन्नासपैकी ३१ वेळा फरक ०.३ किंवा त्याहून मोठा आला, नुसत्या चिठ्ठ्या पिसून! म्हणजे गाण्याचा काडीचा संबंध नसताना जो फरक अर्ध्याहून जास्त खेपांत सहज पडतो तोच तिला मिळाला होता. मोठ्या पुस्तकांत पी व्हॅल्यू म्हणतात ती हीच गोष्ट, पन्नासात एकतीस, इतकी साधी. माझ्याकडं बीएस्सीला येणारी पोरं पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी की जास्त एवढं घोकून येतात आणि ती कशाची शक्यता आहे विचारलं की गप्प बसतात, त्यांनाही मी आता चिठ्ठ्याच पिसायला लावते.

तिला वाईट वाटलं. प्रोजेक्ट फेल गेला म्हणाली. मी म्हटलं थांब, तुला एक मोठा प्रयोग सांगते, आपल्या पुण्यात झालेला, त्यातही फरक सापडला नव्हता.

हा प्रयोग मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला सांगते. २००८ साली जयंत नारळीकरांनी पुण्यात पत्रकार परिषद घेऊन ज्योतिषांना आवाहन केलं की या, आपण तपासून बघू. सोबत पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे, जे स्वतः आधी ज्योतिष करायचे. प्रश्न एकच आणि स्वच्छ : कुंडली बघून मूल अभ्यासात हुशार आहे की बौद्धिक अक्षमता असलेलं आहे, हे सांगता येतं का? समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळांमधून मुलांच्या जन्माची माहिती जमवली, १०० हुशार मुलं आणि १०० विशेष मुलं, घाटपांड्यांनी कॉम्प्युटरवर कुंडल्या मांडल्या, त्यांना कोड नंबर दिले आणि सगळं विद्यापीठात कुंट्यांच्या देखरेखीखाली बंद ठेवलं. कुठली कुंडली कुणाची हे ना ज्योतिषाला माहीत, ना त्याच्याशी व्यवहार करणाऱ्याला. डबल ब्लाइंड म्हणतात ते हे. माझ्या भाचीच्या भावाला यादी न दाखवणं त्यातलंच, लहान प्रमाणावर.

प्रत्येक ज्योतिषाला रँडम निवडलेल्या ४० कुंडल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निकाल लागायच्या आधीच ठरलं होतं की ४० पैकी किमान २८ बरोबर आल्या, म्हणजे ७० टक्के, तर यशस्वी म्हणायचं. ५१ ज्योतिषांनी भाग घेतला, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यात जास्त बरोबर २४, त्यानंतर दोघांचे २२, सत्तावीस जणांची सरासरी १७.२५. एका संस्थेनं तर २०० च्या २०० कुंडल्या तपासल्या, १०२ बरोबर आल्या. २००९ च्या मार्चमध्ये हे करंट सायन्स या विज्ञानपत्रिकेत छापून आलं.

आता २८ च का, २५ का नाही, हे पोरांना नुसतं सांगून पटत नाही म्हणून मी नाणी वाटते. यंदा वर्गात तीसेक जण होते, मी मुद्दाम सत्तावीस जणांनाच नाणी दिली. प्रत्येकानं आधी वहीत छापा की काटा लिहायचं, मग नाणं उडवायचं, बरोबर आलं की खूण, असं चाळीस वेळा. वर्गात नुसता खणखणाट, दोन नाणी बाकाखाली गेली, शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. १०८० पैकी ५३५ बरोबर आले, सरासरी १९.८. पण गंमत सरासरीत नाही, पसाऱ्यात आहे. एका मुलीचे १३ आले आणि मागच्या बाकावरच्या एकाचे २६! सगळा वर्ग त्याच्याकडं वळून बघायला लागला. त्याला परत चाळीस वेळा उडवायला लावलं, १८ आले.

मग फळ्यावर हिशोब. चाळीस नाण्यांची सरासरी २०, प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती इकडंतिकडं होतात ते, १० चं वर्गमूळ म्हणजे ३.१६. दोन विचलनं इकडंतिकडं धरली तर साधारण १४ ते २६, शंभरातले पंचाण्णव-शहाण्णव लोक यातच सापडतात. २८ किंवा जास्त येणं नुसत्या नशिबानं साधारण १२० त एकदा होतं. एका माणसासाठी हा बार चांगला कडक आहे. पण माणसं सत्तावीस आहेत ना! सत्तावीस जण नाणी उडवतायत तर त्यातल्या एकाला तरी २८ लागण्याची शक्यता होते पाचात एक. हे फळ्यावर आलं की मुलं दचकतात. म्हणजे त्या प्रयोगात एखाद्या ज्योतिषाला २८ मिळाले असते तरी एवढ्यावर मान डोलवायची नव्हती, त्याला नव्या चाळीस कुंडल्या द्यायच्या, मागच्या बाकावरच्याला दिली तशी दुसरी खेप. आणि प्रत्यक्षात जास्तीत जास्त आले २४. माझ्या वर्गातल्या नाण्यांनी त्याहून जास्त आणले.

एक मुलगी मात्र यंदा फार नेमकं बोलली आणि तिच्यामुळंच हा लेख लिहायला घेतला असं म्हटलं तरी चालेल. म्हणाली, मॅडम, १७.२५ हे २० पेक्षा बरंच कमी नाही का, सत्तावीस जणांची सरासरी आहे, मग विचलन ३.१६ भागिले सत्तावीसचं वर्गमूळ, ०.६ येतं, फरक चार विचलनांहून मोठा झाला, मग हे उलटं भविष्य म्हणायचं का? पहिल्या वर्षाची मुलगी! मी तिला म्हटलं की तुझा भागाकार बरोबर आहे पण त्यात एक गृहीत धरलंयस. सत्तावीस जण, प्रत्येकी चाळीस, १०८० उत्तरं झाली, पण कुंडल्या मुळात २०० च. म्हणजे एकेक कुंडली सरासरी पाचेक जणांच्या हातात गेली असणार, आणि हे पाच जण नियम वापरणार ते साधारण एकाच परंपरेतले. एक ज्योतिषी ज्या ग्रहामुळं चुकला त्याच ग्रहामुळं दुसराही चुकणार. आपली १०८० नाणी एकमेकांना विचारत नाहीत, ही उत्तरं मात्र एका गावची. तेव्हा ०.६ हा आकडा फार लहान धरलाय, खरा पसारा त्याहून मोठा. आणि ज्या संस्थेनं सगळ्या २०० बघितल्या तिथं १०२, उलटं भविष्य असतं तर तेही शंभरच्या बरंच खाली दिसायला हवं होतं. एकमेकांवर अवलंबून नसलेली निरीक्षणं, हे वाक्य पुस्तकात प्रत्येक सूत्राआधी एका ओळीत असतं आणि सगळे ते ओलांडून पुढं जातात. शंभर विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण म्हणून एकाच ग्रुपवर फॉर्म टाकतात, तीच चूक.

ज्यांनी उत्तरंच पाठवली नाहीत त्या २४ जणांचाही प्रश्न दरवर्षी येतो आणि यायलाच हवा. गळती ही प्रत्येक प्रयोगात होते, औषधांच्या चाचण्यांतही होते, म्हणून किती सुरू झाले आणि किती उरले हे दोन्ही आकडे लिहायचे, ५१ आणि २७, लपवायचे नाहीत. आणि एक मुलगा हमखास विचारतो की जन्मवेळ पाच मिनिटं चुकली असेल तर? मी त्याला गप्प बसवत नाही, कारण प्रश्न खोटा नाही. पण हा आक्षेप कधी घेतला हे महत्त्वाचं. कुंडल्या हातात घेताना घेतला तर ती अट झाली, त्याप्रमाणं प्रयोग बदलता येतो. निकाल लागल्यावर घेतला तर ती पळवाट झाली, कारण २८ च्या वर आले असते तर हीच जन्मवेळ बरोबर ठरली असती.

नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. दाभोलकरांना २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात गोळ्या घातल्या. वर्गात हे सांगताना माझा आवाज दरवर्षी जड होतो. त्या दोघांनी त्या प्रयोगात कुणाला खोटारडं म्हटलं नव्हतं हो, या, सोबत मोजू एवढंच म्हटलं होतं.

भाचीनं चार्टपेपर बदलला. "निष्कर्ष : या प्रयोगात गाण्यामुळे फरक आढळला नाही", खाली बाराही डब्यांचे आकडे, आणि चिठ्ठ्यांची पिशवी टेबलावर ठेवली, येणाऱ्यानं स्वतः पिसून बघायची. मी तिला सांगितलं होतं की "गाण्यानं फरक पडतच नाही" असं लिहू नकोस, बारा डब्यांत अर्ध्या सेंटिमीटरचा खराखुरा फरक असता तरी तो दिसला नसता, त्याला डबे कितीतरी जास्त लागले असते. तेही तिनं लिहिलं, तळाला, बारीक अक्षरात. नंबर आला नाही, पण एका बाईंनी उभं राहून दहा वेळा चिठ्ठ्या पिसल्या म्हणे.

काल तिचा मेसेज आला. आता मेथी रात्रभर भिजवून पेरली तर लवकर उगवते का ते बघायचंय, यावेळी चोवीस डबे. अजून एकही दाणा पेरलेला नाही, पण एका कागदाचा फोटो पाठवलाय, वर तारीख, खाली साक्षीदार म्हणून आजीची सही, आणि मधे एकच वाक्य : "दोन्ही गटांच्या सरासरीत एका दिवसापेक्षा कमी फरक आला, तर मी फरक आहे असं म्हणणार नाही."